पाटाची गोधडी

मनकर्णा: हळू उसव वो. कपडा फाटला तं माही कातडी जोडशील का त्याले?

वच्छला: हळूच उसवून राह्यलो, आत्याबाई. अर्धं काम उंदरानं आधीच केलं.

मनकर्णा: उंदीर परवडला. गपचूप खाते. हे हिरवं ठिगळ माया लग्नाच्या लुगड्याचं, नव्या गोधडीत घे. हे तुह्या मायनं देलेल्या चोळीचं, घे. अन् हे मळकं काय?

वच्छला: मामंजीचं धोतर.

मनकर्णा: चुलीत टाक. जिता होता तवा कमरेवर टिकत नव्हतं, गोधडीत काय टिकन? हा निळ्या पट्ट्याचा चौकोन मधात लाव.

वच्छला: तो नाई. तो त्याईचा सदरा होय.

मनकर्णा: माया पोराचा सदरा मलेच सांगतं?

वच्छला: येत्या बुधवारी लटारूसंग माया पाट लागते. नव्या नवऱ्याच्या अंगावर मेलेल्याचा सदरा टाकू? लोक काय म्हणतीन?

मनकर्णा: लोक गोधडीत शिरून पाहाले येतीन का?

वच्छला: मले झोप नाई लागाची.

मनकर्णा: इस्तारी होता तवा कुठी लागत होती? केवढा घोरे. ताप त्याले घेऊन गेला त्याले दोन वर्सं झाले, तरी मी झोपेत म्हणतोच, कूस बदल रे बाबू.

वच्छला: मंग तुमीच ठेवा तो. पोराची निशाणी.

मनकर्णा: नको. निशाणी पाह्यली का रडू येते, अन् रडलं का मले भूक लागते. थांब, बैलबंडी वाजली. तुहा लटारूच दिसते.

वच्छला: तो चौकोन लपवा आधी.

लटारू: राम राम, बाई. बाजारातून वापस चाललो होतो, म्हटलं पाणी पिऊन जाऊ. हा कपडा कुठचा?

मनकर्णा: कोणता?

लटारू: तुमी ज्याच्यावर बसल्या तो. निळे पट्टे दिसून राह्यले.

मनकर्णा: इस्तारीचा सदरा होता. राग आला असन तं आत्ताच सांग.

लटारू: इस्तारीचा कुठचा, माया होय तो. कंट्रोलचा कपडा, रेशनच्या दुकानापुढं दिवसभर रांगेत उभा राहून घेतला होता. मंडईत भेटला तं म्हणे, पोरगी पाहाले जाचं हाय, एक दिवस दे. मंग जवा मांगो तवा म्हणे, धुवाले टाकला.

वच्छला: मले पाहाले आले तवा हाच घातला होता.

मनकर्णा: तूच तं म्हणे, सदरा पाहून हो म्हटलं म्हून.

वच्छला: आत्याबाई, काईही नोका सांगू.

लटारू: अन् मी सदऱ्याबिगर पोरगी पाहाले जाऊ कसा म्हून घरीच बसलो.

मनकर्णा: लाव वो मधात. चोरीचा माल मालकाच्या घरी चालला.

लटारू: बुधवारी बंडी आणतो. बाई, तुमी बी बसा. कायमच्या. इथी एकट्या काय करान?

मनकर्णा: मी तिथी येऊन कोणाची सासू होऊ?

लटारू: ते मले नाई समजत. माया घरी माय नाई, एवढं समजते.

वच्छला: माहीच व्हान. आतापर्यंत कोणाच्या होत्या?

मनकर्णा: धर, तूच सुईत दोरा ओव. मले दिसून नाई राह्यलं.