फळ्यावरची पाचवी ओळ

हरीचं नाव घ्या, मंडळी! — अहो, पुटपुटता काय? मोठ्यानं घ्या! तोंड उघडायची सवय राहू दे. आजचं माझं आख्यान तोंडावरच आहे — पण मिटलेल्या तोंडावर!

हां. आता ऐका. ही पुढं पोरंपोरी बसलीत ना, ही समोरच्या कॉलेजातली. यंदा पहिलं वर्ष, आणि विषय घेतलाय गणित! मेजर म्हणतात म्हणे त्याला. मी म्हटलं, सैन्यात भरती झाली की काय पोरं! त्यांच्या मॅडम मला म्हणाल्या, "बुवा, गणित घेतलं म्हणजे नेमकं काय घेतलं, ते आमच्या मुलांना एकदा तुमच्या तोंडून ऐकू दे." मी म्हटलं, बाई, मला बेरीज येते, वजाबाकी येते, पंचांगातली एकादशी सापडते. त्यापुढचं तुमचं तुम्ही बघा! पण आख्यान सांगतो.

आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. एखादी गोष्ट खोटी आहे, हे तुम्हाला कळलं. स्वच्छ कळलं! आणि तुम्ही गप्प बसलात. खोटं बोलला नाहीत हं — बोललाच नाहीत. मग दोष तुमच्याकडे येतो का? काय आजोबा? "नाही" म्हणता? बरं. बसा. शेवटी पुन्हा विचारतो.

तर असंच एक कॉलेज. तिथं गणित घेतलेला साठ जणांचा वर्ग — चाळीस मुलगे आणि तीस मुली. बरोबर? माना डोलल्या, छान! — दामूअण्णा, पेटी का थांबली? सूर धरा, धरा!

त्या वर्गाला शिकवायला तगारेबाई. केस पिकले फळ्यापुढं. आणि बाईंची एक रीत होती. पहिल्या दिवशी गुलाबाचं फूल नाही, स्वागताचं भाषण नाही. वर्गात यायचं, फळ्याकडं वळायचं आणि एक सिद्धता लिहायची. ओळीखाली ओळ, सुंदर अक्षर. आणि शेवटची ओळ काय? तर — एक बरोबर दोन!

खोटी! अख्खी खोटी! मुद्दाम लिहायच्या. मग खडू खाली ठेवून वाट बघायच्या. दरवर्षी कुणीतरी उठायचं — "बाई, चुकलं!" तशा बाई हसायच्या. म्हणायच्या, "चला, आता तुम्हाला शिकवण्यात अर्थ आहे."

त्या वर्षी काय झालं असेल? उतरवून घेतलं! जवळजवळ सगळ्यांनी! एकानं तर शेवटच्या ओळीखाली लाल पेनानं रेघ मारली! आणि एक पोरगी विचारते, "मॅडम, हे परीक्षेला येणार का?"

अरे! तुझ्या आईनं ताटात एक पोळी वाढली आणि दोन वाढल्या म्हणाली, तर घर डोक्यावर घेशील! आणि तेच फळ्यावर आलं की उतरवून घेतोस? संताप येतो, मंडळी! पण पोरांना काय बोलू? त्या मागं बसलेल्या आईबापांना बोलतो! पोर पहिलीत गेलं तेव्हापासून तुम्ही काय शिकवलंत? हाताची घडी! तोंडावर बोट! ते बोट अजून तिथंच आहे!

तर त्या वर्गात शेवटच्या बाकावर बिरू कोळेकर. माणदेशातला पोर, गावातून गणिताला आलेला पहिलाच. तो उठला. म्हणाला, "म्याडम, ह्ये काय जमंना."

"काय जमेना?" बाई.

"एक म्हंजी दोन कसं व्हईल?"

"कुठली ओळ चुकली?"

बिरूनं फळ्याकडं पाहिलं. खालपासून वर, वरपासून खाली. "ओळ नाय गावत म्याडम. पण कुठंतरी चुकलंय."

आणि वर्ग हसला! खो खो हसला! त्याच्या "गावत"ला हसला. एकटा पोर खरं बोलत होता, आणि बाकीचे खोटं उतरवून घेऊन हसत होते!

पण थांबा. खरी गोष्ट अजून पुढंच आहे. पहिल्या बाकावर ऋजुता माळवदे. जिल्ह्यात पहिली आलेली. तिचं पेन पाचव्या ओळीवर थांबलं होतं. का? अहो, सोपं आहे. बाईंनी सुरुवातीला दोन सारख्याच संख्या घेतल्या होत्या. सारख्याच संख्यांची वजाबाकी किती? शून्य! आणि पाचव्या ओळीत बाईंनी दोन्ही बाजूंना त्याच शून्यानं भागलं होतं. शून्यानं भागायचं नाही, हे शाळेतल्या पोराला ठाऊक असतं. इथं ते शून्य अक्षरांच्या आड लपलं होतं, एवढंच. ऋजुताला ते दिसलं. स्वच्छ दिसलं!

बाईंनी ते थांबलेलं पेन पाहिलं. विचारलं, "आणखी कुणाला काही म्हणायचंय?" ऋजुतानं मान खाली घातली. घंटा झाली. बिरू खाली बसला.

इथं मी बाईंवरही चिडतो, मंडळी! मोठ्या असल्या तरी चिडतो! बाई, तिथंच सांगायचं होतं, की बिरू, तू बरोबर आहेस! पण बाईंना वाटलं, आज नाही तर उद्या ती पोरगी उठेल. तुमचा उद्या उजाडेपर्यंत त्या पोरानं काय करायचं होतं हो?

त्यानं काय केलं, सांगतो. दुपारीच ऑफिसच्या खिडकीत जाऊन उभा राहिला. "साहेब, माझा विषय बदला. भूगोल द्या. सगळ्यांना कळतंय, मलाच कळंना." विषय बदलायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. खिडकीतल्यानं शिक्का मारला. झालं! ज्याला गणित कळलं होतं, तोच गणितातून गेला!

दुसऱ्या दिवशी शेवटचा बाक रिकामा. बाईंना कारण कळलं, तशा सरळ पहिल्या बाकापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"तुला दिसलं होतं ना?"

"हो, मॅडम."

"मग बोलली का नाहीस?"

"सगळे हसत होते... आणि तुम्ही लिहिलं होतं, मॅडम."

बाईंनी हात आपटला टेबलावर! "मी लिहिलं म्हणून एक म्हणजे दोन? अगं, बाकी सगळीकडं मोठ्यांचं ऐकावं लागतं. ही एकच जागा अशी, जिथं कालची पोरगी उठून मला चूक ठरवू शकते आणि मला ऐकावं लागतं! तेवढ्यासाठी तर गणित घ्यायचं! चूक माझीही आहे, मी वाट बघत बसले. पण तू त्याला एकटं पाडलंस. आजचा दिवस आहे. जा!"

ऋजुता उठली. भूगोलाच्या वर्गाच्या दारात जाऊन उभी राहिली. भरला वर्ग, सर शिकवतायत. ओरडूनच म्हणाली, "बिरू! तू बरोबर होतास. मला काल दिसलं होतं. मी गप्प बसले."

आता ते भूगोलवाले तिला हसले! हसू देत. काल त्याच्या वाटणीला आलं होतं, आज तिच्या.

बिरू उठला. चेहरा लालबुंद. "मग काल का न्हाई बोललीस?"

तिनं डोळे पुसले. म्हणाली, "पाचवी ओळ चुकली आहे. तिथं काय झालं, की—"

"थांब!" बिरू म्हणाला. "सांगू नगंस. ओळ कळली, आता मी हुडकतो." आणि दप्तर उचलून तरातरा निघाला, आधी ऑफिसच्या खिडकीकडं आणि मग फळ्याकडं! तिच्यावरचा राग गेला नव्हता हं. कशाला जाईल? पण ती पाचवी ओळ त्याला बसू देईना. पोरांनो, याला म्हणतात गणित घेणं!

हं. आजोबा, आता सांगा. गप्प बसणाऱ्याकडं दोष येतो का? — "येतो" म्हणता? सगळे "येतो" म्हणता? वा!

मग मघाशी मी काय म्हणालो होतो? साठ जणांचा वर्ग. चाळीस मुलगे आणि तीस मुली! "बरोबर?" म्हणून विचारलंसुद्धा. आणि तुम्ही माना डोलावल्यात! चाळीस आणि तीस साठ? कुठल्या गावात? गणित घेतलेली पोरं तुम्ही! तुमच्या मॅडम शेजारी! तुमचे आईबाप मागं! आणि दामूअण्णा, पेटीवरचा तुमचा हात तेव्हा थांबला होता. मी पाहिलं. कळलं होतं ना? मान नका हलवू, तोंडानं बोला!

"कळलं होतं, बुवा."

मग?

"तुम्ही बोलत होता, बुवा."

मी बोलत होतो! माझ्या गळ्यात हार आहे, माझ्या हातात चिपळ्या आहेत, म्हणून सत्तराचे साठ झाले! आरतीचं ताट ठेवा खाली. नको आज मला आरती. या पहिल्या रांगेतल्या कुणीतरी उठायचं आणि या मंडळींसमोर मला म्हणायचं — "बुवा, तुम्ही चुकलात." तोवर मी इथून हलत नाही. उठा! कोण उठतंय?