पडणाऱ्याच्या घरी

— नाही बाई, अध्यक्ष म्हणून माझं नाव पत्रिकेत घालू नका. सरबत घ्या, कॉलेजातून एवढ्या उन्हात आलात — पण उत्तर हेच. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्याहून अधिक वर्षं देवळात पुराण सांगतो आहे. आणि आता सत्तरीत व्यासपीठावर बसून विचारू, की मारधाडीचे चित्रपट ही महान कला आहे का? त्याला परिसंवाद कशाला हवा? उत्तर एका शब्दाचं आहे. — कारण? ऐका तर. पुराणात योद्धा पडला की मी थांबतो. कोणाचा मुलगा, घरी कोण वाट पाहतं, हे सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. पुढे बसलेल्या मालनवहिनी डोळ्यांना पदर लावतात, मग पान उलटतो. तुमच्या चित्रपटात एका दमात चाळीस पडतात आणि एकाच्याही घरी कोणी नसतं! जिथे मरणाला मोल नाही तिथे शौर्याला कुठलं? नुसता आवाज.

— पाहिला आहे का म्हणजे? न पाहता बोलणाऱ्यांतला मी नाही. तोच, तुमच्या पत्रिकेवर ज्याचं चित्र आहे, धरणाच्या भिंतीवरची उडी. पुतणीच्या मुलीने, मनस्वीने, ओढून नेलं — ‘चला हो आजोबा, एकदा तरी!’ अडीच तास! नायक शंभरांना लोळवतो आणि भांग मोडत नाही. आणि तुमचे समीक्षक — कात्रण आहे माझ्याकडे — लिहितात, उडीआधी नायक वाकतो, चिमूटभर माती कपाळाला लावतो, उरलेली मानेमागे चोळतो, हा म्हणे पडद्यावरचा अमर क्षण, दिग्दर्शकाची प्रतिभा! प्रतिभा? बाई, ती आमच्या वाडीची रीत आहे. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी खांद्यावर घेण्याआधी इथला प्रत्येक जण हेच करतो. मानेला माती का, तर घामाने दांडा घसरू नये. त्या दिग्दर्शकाला हे कुठून सुचणार? आणि करतो कोणत्या हाताने? डाव्या! अख्ख्या चित्रपटात नायक उजव्या हाताने जेवतो, उजव्या हाताने बंदूक रोखतो. त्या एका क्षणी, पाठमोरा, डावखुरा. आपल्या नायकाचा हात कोणता हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांना कलावंत म्हणायचं? प्रथम वाटलं, माझीच नजर चुकली. दुसऱ्यांदा नीट पाहिलं. तिसऱ्यांदा —

— हो, तीनदा. त्यात हसण्यासारखं काय आहे? दोष काढावा तर खात्री करून काढावा. दुपारच्या खेळाला गेलो, एकटाच, हातखंब्याला गाडी बदलून. — त्या डाव्या हाताची सवय मोडायला मी काय कमी केलं? देवीच्या कामाला उजवा हात, उजवा, म्हणून बोटांवर पट्टी मारली. मान हलवायचा, आणि पालखीपाशी वाकला की पुन्हा डावाच. — कोण म्हणजे? समर्थ. माझा मुलगा. नायकाच्या जागी पडण्याचं काम करतो. पालखीचा मान आमच्या घराकडे; पालखी बसते त्या सहाणेवर, साऱ्या गावासमोर मी सांगितलं, खोटा मार खाणारा खांदा देवीच्या दांड्याखाली येणार नाही. तो एवढंच म्हणाला, ‘बरं, आप्पा.’ सहा शिमगे झाले. — खोटा मार! त्या भिंतीवरून पडतो तो पाठीवर पडतो, बाई. आणि खाली उठून उभा राहतो तो नायक, कपड्यांना धूळ नाही. मधला कुठे गेला? विचारलं कोणी? लोक शिट्ट्या मारत बाहेर पडले. मी शेवटची नावं संपेपर्यंत बसून राहिलो. झाडू घेतलेला माणूस माझ्यासाठी खोळंबला. मुंगीएवढी अक्षरं, धावती. दोन वेळा हुकलं. तिसऱ्या खेपेला सापडलं — ‘सॅम’. सॅम! ना बापाचं नाव, ना आडनाव.

— नाही, त्याला बोलावू नका. — बोलावणारच असाल तर तो तुमचा प्रश्न. माझं मत बदललेलं नाही, चित्रपट टाकाऊ आहे. फक्त पत्रिकेत ते सॅम छापू नका. समर्थ मोरेश्वर शिवलकर. लिहून घ्या. माझ्यासमोर लिहा. — हं. आणि यंदा पालखी त्रयोदशीला देवळातून निघते. — नाही, नाही, त्याला काही सांगायचं नाही. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं. सरबत संपवा. देवीचा नैवेद्य राहिला आहे माझा. या आता.