रोवणा झाला का?

जमलेल्या सगळ्या मंडळींना नमस्कार. मला म्हणाले, दोन शब्द बोल. ते दोन शब्दच सकाळपासून सापडून नाही राहिले. मी या घरची सून. तुमचे चैतरामभाऊ, ते माझे मामाजी, म्हणजे सासरे. रडत बोलले तर ते रागावतील, म्हणून हसत बोलते. चालेल ना?

तुम्हाला माहीतच आहे, मामाजींना सगळ्यातलं सगळं समजत होतं. निदान चेहरा तरी तसा ठेवत होते. माझ्याकडून त्यांनी एक शब्द उचलला, व्हर्जन. मग काय! गुरुजी, तुम्ही समोर बसला आहात. तुमच्या कॅक्टसच्या कुंड्या पाहायला मामाजी आले आणि तोंड गंभीर करून विचारलं, "याचं व्हर्जन कोणतं?" तुम्ही चहा थंड होईपर्यंत समजावत राहिलात. ते मधून मधून मान हलवत होते, "हो, जुन्यात तो प्रॉब्लेम होताच." घरी येऊन मला म्हणाले, काट्याचं झाड होतं पोरी, पण माणूस खुश झाला.

आता माझी गोष्ट. मी गोंदियाची. लग्न होऊन गोरेगावला आले, ती मोबाईलवरचा गेम घेऊनच आले. संध्याकाळी घरचं आटोपलं की कानाला हेडफोन. माझ्या सासूबाईंना, आमच्या आत्याबाईंना, ते मुळीच पटत नव्हतं. बरोबरच आहे. नवी सून भिंतीकडे तोंड करून "मागून ये, मागून ये" म्हणत असेल, तर कोणाला पटेल?

एक दिवस आमगावच्या मावशी आल्या. त्यांनी विचारलं, ही काय करून राहिली? आत्याबाईंनी ठरवूनच टाकलं होतं, आजपासून मोबाईल आलमारीत. या घरात माझं म्हणावं असं तेव्हा तेवढंच होतं.

मी घाबरत म्हटलं, "फार्मिंग करून राहिली." गेममध्ये तसंच म्हणतात. तेच तेच काम करून लाकूड, दगड, सोनं जमवायचं, त्याला फार्मिंग. पण मामाजी धानवाले शेतकरी. शब्द कानावर पडताच त्यांनी खुर्ची ओढली.

"शेती आहे तिची," मावशींना म्हणाले. "हंगाम सुरू आहे. अर्ध्यातून नाही उठता येत."

मावशी म्हणाल्या, मोबाईलमध्ये कायची शेती? पीक कोणतं?

मामाजींनी माझ्या मोबाईलमध्ये डोकावलं. "सोनं," म्हणाले.

मोबाईल आलमारीत गेला नाही.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी माझ्याजवळ खुर्ची. "मी बांधावर बसतो," म्हणायचे. मग विचारायचे, "रोवणा झाला का?" जसं काही मी चिखलात धानाची रोपंच लावत होते. मी म्हणायची, झाला मामाजी. मी हरले तर म्हणायचे, नहराचं पाणी उशिरा सुटलं असेल. माझ्या टीममधली पोरं जबलपूरची, रायपूरची. मामाजी हेडफोन ओढून त्यांना विचारायचे, "खाना खाया क्या?" गोळीबार चालू, आणि यांना जेवणाची काळजी. शेवटी मी त्यांना म्यूट शिकवलं. स्वतःला म्यूट करणं त्यांना कधीच जमलं नाही.

एकदा चहा देताना मी विचारलंच, मामाजी, तुम्हाला खरंच समजते का हे?

म्हणाले, "मले काहीच नाही समजत. तुले समजते ना? घरात एकाले समजते, मंग झालं."

लोकहो, मला त्या दिवशी हे घर माझं वाटलं. अजून काय सांगू?

मामाजी गेले तेव्हापासून मी गेम उघडला नाही. हात जात नव्हता. आज सकाळी तांदूळ निवडता निवडता आत्याबाई म्हणाल्या, "काऊन वो, रोवणा पडून आहे का?" त्या खाली बघून म्हणाल्या, "संध्याकाळी लाव. मी बसतो बांधावर."

आत्याबाई, माफ करा, तुम्हाला न विचारता सगळ्यांसमोर सांगितलं.

आता आपण दोन मिनिटं शांत उभे राहू या. मोबाईल बंद ठेवा. मामाजी असते तर ऐटीत म्हणाले असते, सगळे म्यूट करा. आणि पहिले तेच बोलले असते.

मामाजी, नमस्कार करते. आज संध्याकाळी रोवणा आहे. बांधावर आत्याबाई आहेत.