हिराबाईंच्या मांडणीवरचा तांब्या

मंडळी, विद्यापीठातले सहकारी, विद्यार्थी, आणि वाडीवरून टेम्पो करून आलेले तुम्ही सगळे. सुनंदा मॅडमना जाऊन आठवडा झाला. बोलायला जड जातंय. दुःखानं जड जातंय असं म्हटलं, तर ते अर्धंच खरं होईल. मला या बाईंचा हेवा वाटायचा. आजही वाटतोय. बघा ना, आज इथे बसायला जागा नाही. माझ्या वेळी पहिल्या दोन ओळी भरल्या तरी खूप!

आमचा प्रकल्प एकच. डोंगरातला दगड काढायचा, पण खालच्या वस्तीला त्रास न देता कसा काढायचा? मी सुरुंगाचे हादरे मोजायचो, मॅडम माणसांशी बोलायच्या. माझ्याकडे परदेशी यंत्र, त्यांच्याकडे शंभर पानी वही. पण वाडीवर पोचलो की आरडाओरडा कुणासाठी? "ताई आल्या, ताई आल्या!" आणि मी? मी 'मशीनवाले सर'. त्यांना चुलीपाशी बसवून भाकरी-ठेचा, मला अंगणात खुर्ची आणि कपभर चहा. जळायचो हो मी. सरळ सांगतो, जळायचो.

मॅडम बायकांना विचारायच्या, सुरुंग उडाला की मांडणीवरचं कोणतं भांडं वाजतं? कोणतं पडतं? सगळं वहीत लिहायच्या. मी भर बैठकीत म्हणालो, "मॅडम, हे संशोधन आहे की बोहारणीचा धंदा?" सगळे हसले. त्याही हसल्या. मग म्हणाल्या, "सर, तुमचं यंत्र शाळेत असतं. शाळा खडकावर आहे. हिराबाईंची आळी भरावावर आहे. एकदा तिथे लावून बघा ना."

नाही लावलं मी. का? तर त्यांनी सांगितलं म्हणून! शाळेत वीज आहे, फरशी सपाट आहे, असली कारणं दिली.

मग गेल्या उन्हाळ्यात मॅडम आजारी पडल्या, आणि मी गुपचूप एकटाच गेलो. हिराबाईंच्या मांडणीखाली यंत्र ठेवलं. सुरुंग उडाला, आणि वरचा तांब्या दाणकन माझ्या पायावर! आकडा शाळेतल्यापेक्षा कितीतरी मोठा आला. हिराबाई म्हणाल्या, "आता तरी पटलं का सर? ताई कधीच्या सांगू राहिल्या ना."

मॅडमचं बरोबर होतं. आणि त्या आकड्याचा कागद मी कपाटात ठेवून दिला. सांगू, सांगू म्हणत राहिलो. तिकडे आळीतल्या भिंतींना तडे जातच होते, आणि इकडे मला माझं नाक मोठं वाटत होतं.

दवाखान्यात भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी विचारलं, "सर, काही सांगायचंय का?" मी म्हणालो, "छे छे, तुम्ही आराम करा." त्यांनी मला पेरू खायला लावला.

आज मघाशी, दाराशी चपला काढताना हिराबाई काय म्हणाल्या ठाऊक आहे? "तुम्ही येऊन गेले ना सर, ते मी ताईला त्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं."

म्हणजे मॅडमना माहीत होतं! सगळं माहीत असून बाई थांबल्या. मी माझ्या तोंडानं सांगावं म्हणून थांबल्या. मला तर आता त्या थांबण्याचाही हेवा वाटतोय. त्यांच्या जागी मी असतो, तर गावभर दवंडी पिटली असती.

हा तो कागद. हिराबाई, पुढे या, घ्या. याची प्रत घेऊन उद्या खाणमालकांपुढे मीच उभा राहणार आहे. त्या आळीजवळ सुरुंग नको, हे मीच सांगणार आहे. अहवालावर आधी मॅडमचं नाव, त्याखाली माझं. खालीच. बोलताना पोटात दुखतंय, पण खालीच.

आता आपण उभे राहू या. खाणीवर आज मॅडमसाठी काम बंद ठेवलंय. माझ्यासाठी कुणी एक घण थांबवला नसता. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. मी मात्र एवढं बोलतो आणि गप्प होतो.

मॅडम, सांगायचं होतं. तुमचं बरोबर होतं.