लोखंडी बोट आणि इवायाचा कूलर

हसू नका, पण आमच्या रेखाचं लग्न एका कूलरपायी मोडता मोडता राहिलं.

रेखा माही नात. नागपूरले तिचं काम काय, तं नव्या मशीनी बाजारात जायच्या आधी माणसाले झटका देतीन का ते तपासाचं. त्याच्यासाठी लेकराच्या बोटासारखं वाकणारं एक लोखंडी बोट असते. ते जाळीतून आत तारेले टेकलं, का मशीन नापास. असं एक जुनं बोट तिच्या पर्समधीच राहते.

पांढुर्ण्याले पोराचं घर पाहाले गेलो. पोराच्या बापाचा कूलरचा कारखाना. बैठकीत त्यायचाच कूलर सुरू, अन् रेखा तिकडेच पाहून राहिली. मी चिमटा काढला, "पोराकडे पाह्य ना व!"

मी रेखाचं काम सांगतलं, तसा पोराचा बाप, म्हंजे आमचा होणारा इवाई, हौसेनं म्हणे, "बेटा, घाल तुह्यं ते लोखंडी बोट आमच्या कूलरात!"

रेखानं आधी प्लग काढला. समोरून बोट जाईना, वरून जाईना. बाप मिशीवर हात फिरवे. तेवढ्यात पोरगाच म्हणे, "मांगून पाहा. पंपाच्या वायरजवळ जाळीचे भोकं मोठे हायेत. बाबाले मी कवाचा सांगून राहिलो."

बोट सरकन आत गेलं अन् तारेले टेकलं.

"नापास," रेखा म्हणे.

मी मनात म्हटलं, गेलं हातचं स्थळ.

बाप म्हणे, "अन् पोरगा?"

रेखा खाली पाहून म्हणे, "बापासमोर खरं बोलले. पास."

बाप उठला अन् पोरावर खेकसला, "आधी ते जाळी बदल रे, नाही तं ही पोट्टी मांडवातून वापस जाईन!"