आक्कांच्या ट्रॅक्टरच्या सीटचा रंग

आमी मूळचे पिंजारी, राहात्याचे. बापजाद्यांपास्नं कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, पर मला ल्हानपनापास्नं एक खोड, कुठली बी शिवलेली वस्तू दिसली की ती आतनं कशी आसंल ते उसवून बघायचं, त्यापायी आब्बांचा मार बी लई खाल्ला. पुढं गाद्यांचं काम कमी झालं आन् मी जीपगाड्यांच्या, ट्रकच्या सीटा भराया लागलो, आत काथ्या, वरनं रेग्झिन. चांदभाई कुशनवाला म्हनत्यात मला.

तर बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली शेवंताआक्कांचं बोलावनं आलं. त्यांची पेरूची बाग. मालक वारले तवापास्नं त्यांचा ट्रॅक्टर गोठ्यात पडून हुता, झाडाखालनं जाईल आसा बुटका, विलायती, मालकांनी कुन्या सायबाकडनं जुनाच घेतलेला. भाऊबंद म्हनत हुते भंगारात घाला, बाईमानसाला काय करायचा. आक्का म्हनल्या, मालक बसायचे ते भंगारात जायचं न्हाई, मी नीट करून घेनार आन् मीच चालवनार. सारे हसले. फिटरनं मशीन चालू केलं, पत्र्याला रंग दिला, सीट तेवढी माझ्याकडं आली. आक्का म्हनल्या, चांदभाई, रंग ह्योच पायजे, मालक बसायचे तवाचा, दुसरा चालायचा न्हाई.

आता तो रंग कसा, काय सांगू तुमाला, लाल म्हनावं तर लाल न्हाई, तपकिरी म्हनावं तर तपकिरी बी न्हाई. नगरला गेल्तो, दुकानदार गठ्ठे काढून काढून दमला. एक तुकडा आनला, आक्का म्हनल्या लई भडक. दुसरा आनला, म्हनल्या काळपट. माझ्या डोक्यातनं ते जाईना, की आसलं रेग्झिन बनवलं तरी कुनी?

मंग एक दिस बोट पान्यात बुडवलं आन् सीटवर घासलं. बोट लाल. नाकाला लावलं तर गोड्या तेलाचा वास. म्हनलं ह्ये काय हाय बाबा? बुडाच्या चुका, म्हंजी बारके खिळे, उपसल्या, आत मुडपलेली कड उलगडली, आन् काय सांगू तुमाला, हिरवीगार! पेरूच्या कवळ्या पानासारखी.

तशीच सीट उचलून आक्कांकडं गेलो. म्हनलं आक्का, ह्याला तुमी काय लावत हुता? म्हनल्या, दर खंडेनवमीला तेल-कुंकू, लोक चाकाला लावत्यात, पुढं लावत्यात, मी सीटला लावायची, मालकांची बसायची जागा ना ती, चांगली तळहातानं आख्खी माखायची. आन् हसल्या, मालक गेल्यापास्नं मी पयल्यांदाच हसताना बघितलं त्यांना, म्हनल्या, मालकांच्या धोतराला मागनं लाल डाग पडायचा, गाव हसायचं, पर मानसानं कदी सीट पुसली न्हाई, तसंच बसायचे.

मी ती हिरवी कड दावली. तिच्यावर बोट फिरवत ऱ्हायल्या. म्हनल्या, मूळचा हिरवा मी इसरूनच गेल्ते, म्हंजी मी हुडकत हुते तो रंग माझ्याच हाताचा व्हय? त्यांच्या कपाळाचं कुंकू गेलं तवापास्नं त्या कुंकवाला हात लावत नव्हत्या, रीत तुमाला ठावं हाय, पूजेचं ताट आता जाऊबाई धरायच्या. मला लई वाईट वाटलं, म्हनलं आक्का, कुठनं बी रंगवून आनतो, पर मिळता रंग देतो. तर म्हनल्या, न्हाई, तू हिरवंच घाल. लाल माझं मी करीन.

खंडेनवमीला मी मुद्दाम गेल्तो. जाऊबाई ताट घिऊन हुब्या, भाऊबंद हुबे. आक्कांनी ताटातलं कुंकू घेतलं, तेलात कालवलं, आन् माझ्या नव्या हिरव्या सीटवर तळहात फिरवला, या कडंपास्नं त्या कडंपातुर. जाऊबाईंनी ताट तसंच धरून ठिवलं. मंग पदर खोचून वर बसल्या आन् बागंला फेरी मारून आल्या. उतरल्या तवा लुगड्याला मागनं ह्यो येवढा लाल डाग, आन् सगळ्यात आदी हसल्या त्या सोताच.

आज बी तो ट्रॅक्टर बागंत फिरतोय. हिरवं आता कडंलाच दिसतं. मी काथ्या दाबून भरलाय, लवकर बसायचा न्हाई, बाकी अल्ला आक्कांना त्या सीटवर बसती ठिवो.