हात पोचता कामा नये

...हात पोचता कामा नये, म्हणे! अहो, ज्या माणसाचा हात स्वतःच्या घरातल्या टीव्हीच्या रिमोटपर्यंत कधी पोचला नाही, त्याचा हात विजेच्या तारेपर्यंत पोचतो म्हणून केवढा हा गहजब! बसा, बसा. त्या पेटीवर नको, तिचं झाकण आत जातं. ते पिंप पालथं घाला आणि टेका. अंधार आहे खरा, पण होईल सवय. मला झाली.

तर तुम्हाला सांगतो, सुरुवात झाली एसीपासून. सूनबाईला उकडतं. आता उकडतं तर उकडतं, मलाही उकडतं, पण मला उकडलं की 'बनियन काढून बसा' आणि तिला उकडलं की एसी! एसी आला, खाली तिच्या खोलीत भिंतीवर चढला, मुलाने बटण दाबलं आणि... गुडुप! एसी गेला, आमचं घर गेलं, समोरच्या घरात मिक्सरमधली चटणी अर्धवट राहिली. वायरमनला बोलावलं. त्याला सगळे झटका म्हणतात, कारण तो वायरीला कमी आणि गिऱ्हाइकाला जास्त देतो. त्याने मीटर उघडून आत पाहिलं आणि डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांकडे बघतो ना, तसं आमच्याकडे पाहिलं. म्हणाला, ही जोडणी चार बल्ब आणि एक पंखा एवढ्यासाठी होती, लोड वाढवून घ्या, खांबावरून येणारी तार बदला, आणि हे सगळं करायचं तर इन्स्पेक्टर येणार, एकेक गोष्ट नियमात बसते का बघणार.

आला इन्स्पेक्टर. वाळका, कोरडा, कपड्यांबरोबर स्वतःलाही इस्त्री करून आलेला. आमची जुनी तार रस्त्यावरून इतकी खाली लोंबायची की पोस्टमन सायकलवरून मान वाकवूनच पुढे जायचा. शप्पथ! नव्या माणसाला वाटायचं, आमच्या घराला नमस्कार करतोय. इन्स्पेक्टर म्हणाला, खाली आहे, वर घ्या. झटक्याने छपरावर लोखंडी पाइप उभा केला, नवी जाड तार ताणली आणि ती वर वर वर येत नेमकी कुठे आली? माझ्या खिडकीसमोर!

माझ्या म्हणजे ह्या. मी घोरतो म्हणून बायकोने मला कधीचंच वर पाठवलंय. खोलीला खिडकी ही एवढी एकच, पण काय खिडकी आहे! सगळी गल्ली दिसते. कोण भांडलं, कोणी कोणाची चप्पल घातली, कोणाच्या घरी पाहुणे आले आणि त्यांना चहा मिळाला का, सगळं. मी इथून बोललो की खालची माणसं थांबतात, हसतात, 'काय काका' म्हणतात. घरात माझं कोण ऐकतंय? जे काय माझं ऐकलं जातं ते ह्या चौकटीतून!

इन्स्पेक्टर वर आला आणि मला म्हणाला, "हात बाहेर काढा." काढला. "आणखी." आणखी काढला. अहो, कंबरेपर्यंत मी बाहेर, मागून बायकोने बनियन धरलेला, आणि तोही चिमटीत! तार माझ्या बोटाला लागली असती, चार अंगुळं राहिली. इन्स्पेक्टरने मान हलवली. राहत्या खोलीच्या खिडकीतून हात पोचता कामा नये!

म्हटलं, मग तार सरकवा. पण ती जाणार शेजाऱ्याच्या गच्चीवरून, आणि शेजाऱ्याच्या टकलावर आज ऊन किती पडलंय हे मी गल्लीला रोज इथून ओरडून सांगायचो, तो कशाला हो म्हणतो? खिडकी बुजवा, इन्स्पेक्टर म्हणाला. मी दोन्ही हात पसरून खिडकीला पाठ लावली. म्हटलं, आधी मला बुजवा! तेव्हा त्याने खिशाला पेन लावत सहज जाता जाता सांगितलं, ही अडगळीची खोली असती तर प्रश्नच नव्हता. "अडगळीला हात नसतात."

साधं वाक्य आहे हो. पण मी बघतो तर बायको, मुलगा, सून आणि झटका, चौघंही माझ्याकडेच बघतायत. हे कपाट जिन्यातून उतरेल का, असा अंदाज घेतात ना लोक, तसं.

ठरलं. दुसऱ्या तपासणीच्या दिवशी ही खोली अडगळीची दाखवायची आणि मी बागेत जाऊन बसायचं. "एका दिवसाचा तर प्रश्न आहे, बाबा," मुलगा म्हणाला. मी म्हटलं, चालेल, खिडकी वाचतेय ना? तुटका पाळणा आणला, दोन पायांचं टेबल आणलं, हे पिंप आणलं. सगळं मांडून झाल्यावर सूनबाईने दारात उभं राहून पाहिलं आणि म्हणाली, फार काही बदल करावा लागला नाही.

आणि तो मेला दुपारी येतो म्हणून सकाळीच टपकला! मी इथे खुर्चीत, अर्धी दाढी झालेली, अर्ध्या तोंडाला फेस. जिना एकच आणि जिन्यात त्याचे बूट वाजतायत. बायकोने काय करावं? ती जुनी चादर उचलली आणि टाकली माझ्या अंगावर! मुलाने मांडीवर रंगाचा डबा ठेवला, सुनेने डोक्यावर परडी उपडी घातली. एवढ्या झपाट्यात! मला तर शंका आहे, आधी तालीम केली होती.

इन्स्पेक्टर खोलीभर फिरला आणि थांबला तो माझ्यासमोर. हातातल्या टेस्टरने टोचलं मला. पोटात!

"हे काय?"

"जुना कूलर," बायको म्हणाली. जरासुद्धा अडखळली नाही हो!

"चालतो?"

"आवाज करतो नुसता."

"मग ठेवलाय कशाला?"

आता तुम्हाला सांगतो, इथे ती गप्प झाली. आमच्या अख्ख्या संसारात ती एवढा वेळ गप्प बसलेली मला आठवत नाही. चादरीखाली माझा फेस वाळतोय, गाल ओढतोय, आणि मी कान देऊन बसलोय. म्हटलं आता म्हणेल, सवयीचा आहे. म्हणेल, घरात आलेली पहिली वस्तू आहे. निदान, असू दे कोपऱ्यात, एवढं तरी म्हणेल...

"जड आहे हो," ती म्हणाली. "उचलवत नाही."

"भंगारवाल्याला द्या."

"विचारलं होतं," मुलगा म्हणाला. "बघून गेला, नको म्हणाला."

आता हे नाटक होतं की नाही? नाटकच! मलाही तसंच वाटलं. पण भंगारवाला खरंच आला होता हो आदल्या दिवशी! वर आला, सगळीकडे बघितलं, माझ्याकडेही बराच वेळ बघितलं, मान हलवली आणि गेला. मी त्याला चहा पाजला होता! मला वाटलं, पाळण्याचं बघायला आलाय.

मग इन्स्पेक्टरने माझ्या पाठीवर कागद ठेवला आणि मंजुरीची सही केली. शेवटचं टिंब असं दिलं की अजून दुखतंय. वर म्हणाला, अडगळीला वीज कशाला? झालं! झटक्याने मी चादरीखाली असतानाच पंखा उतरवला, बल्ब काढला, बोर्ड उपसला. निघताना मला टेकून बूटही घातले.

खाली आता एसी चालतो. इतका गार की सूनबाई दोन दोन पांघरुणं घेते. मी म्हटलं, मग मी खाली येतो झोपायला. तर म्हणे, तुम्ही घोरता, आणि इन्स्पेक्टर कधीही अचानक येऊ शकतो, बाकी अडगळ गेली तरी चालेल, पण कूलर गेलेला दिसला तर संशय येईल! आता दाराची बेल वाजली की बायको खालून फक्त "कूलर" एवढंच म्हणते आणि मी चादरीखाली. परवा माझा शाळेपासूनचा मित्र आला होता. मी घरात नाही, असं सांगितलं ह्यांनी त्याला. तो वर आला, माझ्या मांडीवर बसून थोडा वेळ वाट बघितली आणि गेला.

खिडकी मात्र वाचली हं! पण बोलायची सोय नाही. कूलर गल्लीशी बोलायला लागला तर मंजुरी रद्द. आणि तार तशीच समोर, चार अंगुळांवर. झटक्याला म्हटलं, अरे, एखाद दिवशी झोपेत हात गेला माझा, तर? त्याने मंजुरीचा कागद माझ्यासमोर धरला. "काका, वाचा की नीट. तुम्हाला हात कुठे आहेत?"

...वाजली का बेल? वाजलीच. निघा तुम्ही, निघा. नाही, थांबा, जाताना ती चादर तेवढी टाका माझ्यावर. ती काय, तुमच्या मागेच आहे. माझा हात पोचतो हो तिथवर... पण पोचता कामा नये.